डुकराच्या गुडघ्याचं माप

मुलाखतीत धर्मराजला तीन प्रश्न विचारले. नाव काय, गाव कुठलं, आणि जनावरांची सवय आहे ना. तिसरा प्रश्न त्याच्या आधी आत गेलेल्या दोघांना विचारला नव्हता, हे त्याला मागाहून कळलं. त्या दोघांचे गुण त्याच्याहून कमी होते. त्यांना काचनळ्यांच्या खोलीत घेतलं, आणि पी.यू.सी. सायन्स, म्हणजे बारावीच्या तोडीची परीक्षा, पहिल्या वर्गात पास झालेल्या धर्मराज भरमा मेत्रीला संस्थेच्या मागच्या अंगाला डुकरांकडे पाठवलं. हुद्दा अटेंडर. साल १९७६.

संस्था म्हणजे बेळगावात एका ट्रस्टनं काढलेलं औषध संशोधन केंद्र. पुढं बाग, कारंजं, ट्रस्टींचे फोटो. मागं पत्र्याची लांब शेड आणि तीत बारा डुकरं. ही गावातल्या गटारीतली काळी डुकरं नव्हेत. सरकारी फार्मवरून आणलेली, पांढरी, विलायती जातीची. माणसाची कातडी आणि सांधे यांच्याशी डुकराचं बरंच जुळतं, म्हणून सूज उतरवणारं औषध माणसाला देण्याआधी डुकराला देऊन बघायचं, असं संस्थेचं धोरण होतं. माणसाशी जुळणाऱ्या त्या जनावराजवळ जायला मात्र संस्थेतलं एकही माणूस तयार नव्हतं. ती अडचण धर्मराजच्या नेमणुकीनं सुटली.

जाहिरातीत 'प्रयोगशाळेत मदतनीस' असं छापलेलं होतं. धर्मराजनं आपल्या गावी, कंग्राळीत, आईला तेच सांगितलं, आणि पुढच्या वर्षी लग्न ठरताना निपाणीच्या सासऱ्यांनाही तेच. आपण मापं घेतो, असंही त्यानं सांगितलं. कशाची, ते सासऱ्यांनी विचारलं नाही. जावई शर्ट खोचून कामाला जातो, एवढं त्यांना पुरेसं होतं.

बायको अक्काताई लग्नापर्यंत तंबाखूच्या वखारीत कामाला जात होती. नाकात तंबाखूची धूळ जाऊन जाऊन वास कळेनासा होतो म्हणतात. तिचं नाक उलट तयार झालं होतं. लग्नानंतर चौथ्या दिवशी नवऱ्याचा शर्ट धुवायला घेतला आणि तिथंच थांबली. धर्मराज रोज निघताना संस्थेत फिनेलच्या पाण्यानं आणि लाल साबणानं अंग धुऊन यायचा. शर्टाला फिनेलचाच वास होता. त्याच्या खालचा वास तिनं हुडकून काढला.

संध्याकाळी चहाचा कप पुढं ठेवत तिनं विचारलं, की तुमच्या प्रयोगशाळेत डुकरं कधीपास्नं शिकायला येतात. धर्मराजनं सगळं सांगितलं. ती पांढरी आहेत, विलायती आहेत, रोज आंघोळ घालतात, हेही सांगितलं.

"पांढरी असली म्हणून काय गाय झाली व्हय?" अक्काताई म्हणाली, आणि शर्ट दुसऱ्यांदा भिजत घातला.

सासू यल्लव्वा चुलीपाशी बसून ऐकत होती. छप्पन सालानंतर तिच्या नवऱ्यानं, भरमानं, बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, देव्हारा उचलला, मेलेलं ढोर ओढायचं सोडलं. त्यापायी गावानं दोन वर्षं कामाला बोलावलं नाही, तेही सोसलं. बायकोचं देवीवरून ठेवलेलं नाव तेवढं जुनंच राहिलं. भरमा जाऊन सहा वर्षं झाली होती. यल्लव्वानं लेकाला एकच विचारलं, की ही डुकरं तुला राखायला दिली की शिकलेल्या कामाला दिली. धर्मराज म्हणाला, शिकलेल्या कामाला. माप घ्यायचं काम शिकलेलं आहे. सहा वर्षांनी टेक्निशियन करतात. म्हातारी बरं म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली. तेव्हापासून धर्मराजला टेक्निशियन व्हायचंच होतं. पगार वाढायचा हे खरंच, पण त्याहून आईला दिलेला शब्द जड होता.

शब्द पुरा होणं एका माणसाच्या हातात होतं. हुक्केरीकर साहेब. संस्थेत सगळे त्यांना डॉक्टर म्हणत, कारण ते पुढं डॉक्टर होणार होते. टिळकवाडीतल्या घरावर त्यांनी नावाची पाटी लावली होती आणि नावाच्या आधी 'डॉ.' बसेल इतकी जागा मोकळी सोडली होती. पीएच.डी.चा विषय डुकराच्या सांध्याची सूज. अडचण एवढीच, की साहेबांच्या मातोश्रींना विषय समजला होता. प्रबंध कर, पण त्या जनावराला शिवून माझ्या उंबऱ्यात यायचं नाही, असं त्यांनी बजावलं. पहिल्या आठवड्यात साहेब शेडमध्ये जाऊन आले, तेव्हा मातोश्रींनी त्यांना मागच्या दारात दोनदा आंघोळ घातली. जानव्यासकट. दोनदा पाणी तापवायचं काम सुनेकडं. तिसऱ्या दिवशी सुनेनं सांगितलं, की एकतर बंब आणा नाहीतर विषय बदला. साहेबांनी तिसरा मार्ग काढला. शेडच्या भिंतीला खिडकी होती. खिडकीबाहेर खुर्ची टाकून बसायचं. आतून धर्मराजनं आकडा सांगायचा, बाहेर साहेबांनी वहीत लिहायचा.

प्रयोग असा. जनावरांचा डॉक्टर येऊन डुकराच्या पुढच्या पायाच्या गुडघ्यात सुई द्यायचा. सुईत औषध नव्हतं. सूज आणणारं काहीतरी होतं. दुसऱ्या दिवशी गुडघा टरारून फुगायचा, डुक्कर पाय उचलून धरायचं आणि बारकं बारकं ओरडायचं. मग सहा डुकरांना गुळाच्या गोळीतून औषध द्यायचं आणि सहांना नुसता गूळ. सकाळी आठ, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, असं तीनदा सगळ्यांच्या गुडघ्याचा घेर मोजायचा. औषध कुणाला आणि गूळ कुणाला, हे संचालकांशिवाय कुणाला कळू नये असा नियम होता. धर्मराजला आठ दिवसांत कळलं. डुकरांना त्याही आधी कळलं असावं.

माप घेणं सोपं नव्हतं. साहेबांनी परदेशी मासिकातलं चित्र दाखवलं. डुक्कर कॅनव्हासच्या झोळीत उभं लटकवलेलं, चार पाय चार भोकांतून खाली आणि एक गोरा माणूस फीत लावून हसतोय. झोळी मागवण्याचा अर्ज हापिसात क्लार्क आण्णाप्पाकडं गेला. आण्णाप्पानं फाईल केली. झोळी आली नाही. फीत लावायला गेलं की डुक्कर भिंतीला घासत पळे आणि दुखऱ्या पायावर भार पडून आणखी ओरडे.

चौथ्या दिवशी धर्मराज एका डुकराला शांत करायला त्याच्या पोटाखाली बोटांनी खाजवत बसला. जरा वेळानं ते डुक्कर सैल पडलं, मागचे पाय दुमडले आणि एका कुशीवर आडवं झालं. डोळे मिटलेले, पुढचे पाय लांब. धर्मराजनं डाव्या हातानं खाजवत उजव्या हातानं फीत लावली. गुडघा सैल होता, फीत नीट बसली. त्यानं तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तोच आकडा. पुढं बाराही डुकरांना तीच सवय लागली. फीत घेऊन धर्मराज आत गेला की ती आपणहून आडवी व्हायची. हे त्यानं खिडकीतून साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, छान, आकडा सांग.

पाच वर्षं असं चाललं. धर्मराजनं आपली वेगळी वही ठेवली होती. तीत आकड्यापुढं तो डुकराची चालही लिहायचा. लंगडतं, पाय टेकतं, पळतं. यल्लव्वाचे गुडघे त्याच काळात सुजायला लागले. सरकारी दवाखान्यात ती दोनदा जाऊन आली. वय झालं, असं सांगून त्यांनी पांढऱ्या गोळ्या दिल्या. त्यावर ती शेजारणीला म्हणाली, "माझ्या लेकाच्या डुकराच्या गुडघ्याला दिवसातनं तीनदा फीत लागती. माझ्या गुडघ्याला वर्षातनं एकदा बी बोट लागत न्हाय."

ब्याऐंशी साल आलं. धर्मराजची सहा वर्षं भरली. टेक्निशियनच्या जागेसाठी त्यानं अर्ज केला. आण्णाप्पानं सांगितलं, की तांत्रिक काम केल्याचं साहेबांचं पत्र जोडावं लागेल. साहेब म्हणाले, प्रबंध होऊ दे, लगेच देतो. प्रबंध टायपिंगला गेलेलाच होता. तो आणायला नेहमीप्रमाणे धर्मराजला धाडलं. टायपिस्ट शेवटची पानं ओढत होता, म्हणून धर्मराज बाकावर बसला आणि मांडीवरचा गठ्ठा वाचू लागला. अटेंडरला इंग्रजी येतं हे कुणाच्या ध्यानात नव्हतं.

'पद्धत' या प्रकरणात लिहिलं होतं, की प्रत्येक डुकरास कॅनव्हासच्या झोळीत उभे करून गुडघ्याचे माप घेण्यात आले. सर्व मापे प्रस्तुत लेखकाने स्वतः घेतली. आभाराच्या पानावर मातोश्री होत्या, सहधर्मचारिणी होती, सासरे होते, ट्रस्टी होते, टायपिस्टही होता. शेवटच्या ओळीत शेडच्या साफसफाईबद्दल अटेंडरचे आभार होते. नाव नव्हतं.

धर्मराजनं गठ्ठा साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि पहिल्यांदाच त्यांच्यासमोर उभा राहून विचारलं, की आपण तर आडवं पाडून मोजतो. साहेब दचकले, पण चिडले नाहीत. प्रबंध असाच लिहायचा असतो, परदेशात झोळी वापरतात म्हणजे आपणही झोळीच म्हणायचं, असं त्यांनी समजुतीनं सांगितलं. लेखकानं स्वतः, हाही एक शब्दप्रयोगच असतो. मग त्यांनी कागद ओढून शिफारसपत्राचा मसुदा लिहून त्याच्या हातात दिला. टाईप करून सही तोंडी परीक्षा झाल्यावर. मधल्या काळात गप्प राहायचं, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

मसुदा धर्मराजनं घरी वाचून दाखवला. अर्जदार प्रामाणिक आहे, वक्तशीर आहे, आज्ञाधारक आहे. त्याला डुकरांविषयी वंशपरंपरागत माहिती आहे.

यल्लव्वानं ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं.

"कुणाच्या वंशात?" ती म्हणाली. "तुझा आजा तराळकी करायचा, गावचा सांगावा पोचवायचा. तुझा बा खडी फोडायचा. डुक्कर दारात आलं तर मी दगूड मारायची. ह्यांच्या वंशात कुणी ठेवलंतं का बघ म्हणावं."

अक्काताईचं म्हणणं वेगळं होतं. पाच वर्षं तिनं दोन साबणांनी शर्ट धुतले होते. कागदावर काय का असेना, हुद्दा बदलतोय, पगार बदलतोय, तो कागद कोण रोज वाचत बसणार, असं तिनं ठणकावलं. मान कागदात नसतो, ताटात असतो, हेही म्हणाली. त्यांचं पोरगं शेजारी बसून पाटीवर गिरवत होतं. यल्लव्वानं त्याच्याकडं बोट केलं.

"आज तू घे. उद्या ह्यो मुलाखतीला जाईल, तवा ह्याला बी त्योच तिसरा सवाल इचारतील. कागद हाईच म्हणतील."

अक्काताईनं पोरासमोरची पाटी सरळ केली. मग म्हणाली, की ह्यांचं ह्यांनी ठरवावं, मी शर्ट धुवायला आहेच. तिच्याकडून ही माघारच होती.

तोंडी परीक्षेला नागपूरहून परीक्षक बाई आल्या. पन्नाशीच्या, बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा. ट्रस्टींनी हार आणला होता. त्यांनी तो खुर्चीच्या पाठीला अडकवला आणि प्रश्न विचारायच्या आधी डुकरं कुठं आहेत ते विचारलं. आज तिकडं जरा ओलं आहे, असं साहेब म्हणेपर्यंत बाईंनी पदर खोचला होता.

शेडमध्ये त्यांनी झोळी मागितली. साहेबांनी आण्णाप्पाकडं पाहिलं. आण्णाप्पा धावत गेला आणि झोळीची फाईल घेऊन आला. बाईंनी ती उघडली, चार वर्षांतली सहा स्मरणपत्रं वाचली आणि मिटून परत दिली. झोळी नसेल तर नसू दे, म्हणाल्या. माप घेऊन दाखवा.

आता साहेबांना आत जाणं भाग होतं. त्यांनी उसने गमबूट चढवले. डुकरांनी हा माणूस इतकी वर्षं खिडकीतच पाहिलेला. ती कोपऱ्यात गोळा झाली. ट्रस्टींचा ड्रायव्हर, माळी आणि आण्णाप्पा अशा तिघांनी मिळून एक डुक्कर उभं धरलं. साहेबांनी फीत लावली, डुकरानं पाय झाडला. पहिलं माप एकवीस पूर्णांक चार सेंटिमीटर. दुसरं तेवीस. तिसऱ्यापर्यंत साहेबांचा एक बूट चिखलात राहिला होता, माप वीस पूर्णांक सहा. बाईंनी वही पाहिली. त्याच डुकराचं सकाळी आठचं माप बावीस पूर्णांक एक.

"तुमच्या प्रबंधात एका मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडत नाही," बाई म्हणाल्या. "ही मापं कोण घेतं?"

मीच घेतो, साहेब म्हणाले. हा धरायला असतो. सवय आहे त्याला.

बाईंनी मान वळवून धर्मराजकडं पाहिलं. सहीविना मसुदा त्याच्या खिशात होता. खरं बोललं तर त्यावर सही होणार नव्हती. साहेब मोज्यावर उभे होते आणि त्याच्याकडं अशा नजरेनं बघत होते, ज्या नजरेनं माणसं आपल्या उपकाराखालच्याकडं बघतात.

"माप मी घेतो, बाई," धर्मराज म्हणाला. "आडवं पाडून. झोळी ह्या आवारात कवाच आली न्हाय."

त्यानं फीत मागून घेतली आणि आत गेला. डुक्कर तिघांनी धरल्यामुळं भेदरलं होतं, पाच मिनिटं आडवं होईना. धर्मराज पोट खाजवत बसून राहिला. ट्रस्टी घड्याळ बघत होते. बाई बघत नव्हत्या. शेवटी डुक्कर कुशीवर पडलं. बावीस पूर्णांक एक. बावीस पूर्णांक एक. बावीस पूर्णांक दोन. मग बाईंनी त्याची वेगळी वहीही मागवली आणि तिथंच उकिडव्या बसून चाळली. चालीची नोंद प्रबंधात का नाही, असं त्यांनी साहेबांना विचारलं. साहेबांना ती वही आहे हेच माहीत नव्हतं.

प्रबंध नापास झाला नाही. बाईंचा निकाल असा, की 'पद्धत' हे प्रकरण खरं लिहावं, डुक्कर आडवं पाडून मापलं असं लिहावं, माप घेणाऱ्याचं नाव आणि सही जोडावी, आणि चार डुकरांवर प्रयोग पुन्हा करून दोन महिन्यांत आकडे पाठवावेत. हे सांगून बाई गाडीला गेल्या. हार खुर्चीवरच राहिला.

घरी धर्मराजनं सांगितलं, की बहुतेक नोकरी जाईल. यल्लव्वा म्हणाली, खडी फोडायची हाईच. अक्काताईनं त्या दिवशीचा शर्ट एकदाच धुतला.

नोकरी गेली नाही. ट्रस्टींची बैठक बसली आणि तीत एक नवीनच पेच निघाला. विद्यापीठात जाणाऱ्या संशोधनावर अटेंडरची सही गेली, तर बाहेरचे लोक म्हणतील, ह्यांच्याकडं संशोधन शिपाई करतात. संस्थेची अब्रू जाईल. सही तर हवीच, बाईंनी तसं लिहून दिलेलं. मग अब्रू वाचवायचा एकच उपाय राहिला. सही करणारा टेक्निशियन असला पाहिजे. आणि मापं पाच वर्षांची, म्हणून तो पाच वर्षांपूर्वीपासून टेक्निशियन असला पाहिजे. आण्णाप्पा एका अर्जाला सहा महिने लावी. त्यानं चार दिवसांत मागच्या तारखेचा हुकूम तयार केला. हुक्केरीकर साहेबांनी शिफारसपत्र स्वतः टायपिस्टपाशी उभं राहून टाईप करून घेतलं.

संचालकांच्या खोलीत धर्मराजला बोलावलं. टेबलावर तीन कागद होते. हुकूम, प्रबंधाचं सहीचं पान, आणि हुकमाला जोडायचं शिफारसपत्र; त्यावरही वाचल्याची अर्जदाराची सही लागायची. संचालकांनी स्वतःचं पेन पुढं केलं. पाचच्या टपालानं सगळं विद्यापीठाला जायचं होतं, नाहीतर मुदत टळत होती.

धर्मराजनं तिन्ही कागद वाचले. सावकाश वाचले. मग शिफारसपत्रातल्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि ही काढा म्हणाला.

साहेबांना खरंच कळेना. त्यात वाईट काय आहे, ते म्हणाले, मी तर कौतुकानं लिहिलंय. तुमच्या लोकांना उपजतच येतं, आम्हाला जमत नाही, हेच म्हटलंय.

"आमच्यात कुणी डुक्कर ठेवलं नव्हतं, साहेब. मी पी.यू.सी. सायन्स झालोय. माप घ्यायला हितं शिकलो, चौथ्या दिवशी," धर्मराज म्हणाला. "ही ओळ ठेवायचीच असंल तर तुमच्या प्रबंधात बी एक घाला. हुक्केरीकर साहेबांना खुर्चीची वंशपरंपरागत माहिती आहे."

संचालकांना खोकला आला. तो बराच वेळ चालला.

साहेबांनी पेन काढून ती ओळ खोडली. आण्णाप्पा दारातून म्हणाला, की खाडाखोड केलेलं पत्र चालत नाही, नवीन टाईप करावं लागेल. टायपिस्ट जेवायला गेलेला होता. संचालक म्हणाले, तोवर दोन कागदांवर तरी सही कर. धर्मराज म्हणाला, तिन्हीवर एकदमच करीन. काय लिहायचं तेही त्यानं सांगितलं. अर्जदार सुजेचं अचूक माप घेतो आणि त्याची नोंद ठेवतो. बस्स.

भिंतीवरच्या घड्याळात दोनला पाच कमी होते. पुन्हा चाललेल्या प्रयोगातली चार डुकरं शेडमध्ये होती, पाचच्या टपालानं जायच्या आकड्यांतलं शेवटचं माप आज दोनचं होतं, आणि दोनचं माप दोनलाच घ्यावं लागे. धर्मराजनं तसं सांगितलं, पेन टेबलावर आडवं ठेवलं आणि फीत घेऊन निघाला. हुक्केरीकर साहेब टायपिस्टला शोधायला त्याच्या मागोमाग बाहेर पडले.